दुपारी १ वाजून ५६ मिनिटं

४ ऑगस्ट २०२२. दुपारी १ वाजून ५६ मिनिटांनी चीनच्या भूमीवरून डाँगफेंग मालिकेतलं पहिलं क्षेपणास्त्र सुटलं, अशी नोंद तैवानच्या संरक्षण मंत्रालयाने केली. पुढच्या दोन तासांत अशी अकरा क्षेपणास्त्रं सुटली. ती तैवानच्या उत्तरेला, दक्षिणेला आणि पूर्वेला समुद्रात पडली. माणूस दगावला नाही, घर पडलं नाही. त्यामुळे आपत्तींच्या यादीत त्या दिवसाचं नाव नाही.

तरीही त्या दिवसाचा घटनाक्रम तासातासाने मांडण्यासारखा आहे. आपत्तीकडे जाणारी उलटी मोजणी सुरू होती, आणि ती शून्यावर पोचून पुढे गेली. फक्त शून्यावर स्फोट झाला नाही. तो का झाला नाही आणि पुढच्या वेळी कशामुळे होऊ शकेल, हे या ४६ तासांत आणि त्यांच्या पाठीमागच्या साठ वर्षांत दडलेलं आहे.

खालच्या सगळ्या वेळा तैवानच्या घड्याळाच्या आहेत. बीजिंग आणि क्वालालंपूरची घड्याळंही तीच वेळ दाखवतात. भारतात त्या वेळी अडीच तास कमी वाजलेले असतात.

२ ऑगस्ट, दुपारी ३:४२. शून्याला ४६ तास १४ मिनिटं बाकी

क्वालालंपूरहून अमेरिकी हवाई दलाचं एक विमान उडालं. आत प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी होत्या. विमान तैपेईला जाणार, हे अधिकृतपणे कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन आठवडे हीच चर्चा चालली होती. या घडीला हा दौरा बरा नव्हे असं लष्कराला वाटतं, हे खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बायडेन पत्रकारांपुढे बोलून गेले होते. २८ जुलैच्या फोनवर चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी त्यांना आगीशी खेळू नका, असं बजावलं होतं.

विमानाने दक्षिण चीन समुद्राची सरळ वाट सोडली. बोर्निओवरून पूर्वेला जात, फिलिपिन्सला बाहेरून वळसा घालून ते उत्तरेला निघालं. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या प्रवासात कधी ना कधी २९ लाखांवर लोकांनी डोकावून पाहिलं. संकटाची चाहूल जगाला इतकी आधी, इतक्या निवांतपणे क्वचितच लागली असेल. राजकारणाचं घड्याळ असंच चालतं. तिथे इशारे असतात, फोन असतात, वळसे असतात. क्षेपणास्त्राच्या घड्याळात यातलं काहीच नसतं.

२ ऑगस्ट, रात्री १०:४३. ३९ तास १३ मिनिटं बाकी

विमान तैपेईच्या सोंगशान विमानतळावर उतरलं. सभापतिपदावरची अमेरिकी व्यक्ती तैवानला येण्याची ही पंचवीस वर्षांतली पहिलीच वेळ होती. १९९७ मध्ये न्यूट गिंगरिच आले होते.

विमानाची चाकं थांबतात न थांबतात तोच बीजिंगमधून निवेदनांची रांग लागली. चिनी सैन्याच्या पूर्व विभागाने सरावांची घोषणा केली. सरकारी वृत्तसंस्थेने अक्षांश-रेखांशांसह सहा सागरी क्षेत्रं जाहीर केली. ४ ऑगस्टच्या दुपारी १२ पासून ७ ऑगस्टच्या दुपारी १२ पर्यंत तिथे जिवंत दारूगोळ्याचा सराव होणार होता, जहाजांनी आणि विमानांनी दूर राहावं. ही सहा क्षेत्रं नकाशावर मांडली की तैवानभोवती कडं होतं. काही क्षेत्रांच्या कडा तैवान ज्याला आपला सागरी प्रदेश म्हणतो त्या १२ सागरी मैलांच्या आत शिरत होत्या.

तोफा डागण्याआधी दीड दिवस जागा आणि वेळ सांगून टाकली होती. हे सौजन्य नव्हतं, आणि ही पद्धत नवीही नव्हती.

३ ऑगस्ट, मध्यरात्रीनंतर. सुमारे ३८ तास बाकी

तैवानमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही या रात्री दुसरी एक मध्यरात्र आठवली असेल. ८ मार्च १९९६.

त्या वर्षी तैवानमध्ये पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक होणार होती. आदल्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात भाषण करून आले होते, आणि चीनचं पित्त खवळलं होतं. जुलै १९९५ मध्ये चीनने तैवानच्या उत्तरेच्या समुद्रात क्षेपणास्त्रं टाकली. मार्चमध्ये पुन्हा आगाऊ घोषणा झाली आणि ८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर तीन डीएफ-१५, म्हणजे डाँगफेंग-१५, सुटली. एक उत्तरेच्या कीलुंग बंदरासमोर पडलं, दोन दक्षिणेच्या काओशुंगसमोर. १३ तारखेला चौथं आलं. बंदरांपासून पन्नासेक किलोमीटरच्या आसपास. या दोन बंदरांवर तैवानचा व्यापार उभा होता. जहाजं वळली, शेअर बाजार घसरला, अमेरिकेने दोन विमानवाहू नौकांचे ताफे त्या दिशेला धाडले.

लोकांना धीर देण्यासाठी ली यांनी जाहीर सभांतून सांगून टाकलं की क्षेपणास्त्रांची डोकी पोकळ आहेत, घाबरू नका. धीर आला. पण हे त्यांना कळलं कसं, असा प्रश्न बीजिंगमध्ये उभा राहिला. घरभेद्याचा शोध सुरू झाला आणि चिनी सैन्यातले मेजर जनरल ल्यू ल्येनकुन यांच्यापर्यंत पोचला. १९९९ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना मृत्युदंड दिला गेला. धमकीच्या क्षेपणास्त्राने समुद्रात कोणाला मारलं नाही, पण त्याच्याबद्दलच्या एका वाक्याची किंमत अशी चुकती झाली.

२३ मार्चला मतदान झालं. ली यांना ५४ टक्के मतं पडली. धमकी अंगावर उलटली, असं तेव्हा सगळ्यांनी लिहिलं. ते खरंही होतं. पण चिनी सैन्याने त्यातून वेगळा धडा घेतला. अमेरिकी नौका येण्याआधी काम उरकेल इतकी जास्त, आणि नेमकी जागा गाठतील इतकी अचूक क्षेपणास्त्रं हवीत, हा तो धडा.

३ ऑगस्ट, सकाळी ११ च्या सुमारास. सुमारे २७ तास बाकी

पेलोसी आणि राष्ट्राध्यक्ष साय इंग-वेन यांची भेट झाली. मानचिन्ह दिलं गेलं, भाषणं झाली, छायाचित्रं निघाली. इतिहासात जमा होण्यापुरता हा तास महत्त्वाचा. आपल्या घटनाक्रमाला तो मागे जायची सवड देतो.

चीनची क्षेपणास्त्र संशोधन संस्था ८ ऑक्टोबर १९५६ ला स्थापन झाली. तिचे प्रमुख छ्येन श्युएसन कॅलिफोर्नियात रॉकेटविद्या शिकलेले आणि शिकवलेले. साम्यवादी असल्याच्या संशयावरून अमेरिकेने त्यांना पाच वर्षं अडवून ठेवलं आणि १९५५ मध्ये मायदेशी जाऊ दिलं. सोव्हिएत संघाने आर-२ हे आपलं क्षेपणास्त्र नमुन्यादाखल दिलं. ऑगस्ट १९६० मध्ये दोन्ही देशांचं फाटलं आणि सोव्हिएत तज्ज्ञ बाडबिस्तरा गुंडाळून निघून गेले. तरी ५ नोव्हेंबर १९६० ला चीनने घरी बनवलेली त्याची नक्कल उडवून दाखवली. हेच पुढे डाँगफेंग-१ म्हणून ओळखलं गेलं.

त्याचा पल्ला सहाशे किलोमीटरच्या आतबाहेर होता. तीस वर्षांनी आलेल्या डीएफ-१५ चा पल्ला किती? सहाशे किलोमीटर. या दोघांपुरतं तरी तीस वर्षांत अंतर वाढलं नाही. बदलला तो वेळ.

डाँगफेंग-१ अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालत असे. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशाला उकळतो, म्हणून तो टाकीत भरून ठेवता येत नाही. आयत्या वेळी भरावा लागतो. टँकर आणायचे, नळ्या जोडायच्या, वाफा निघत असताना भरत राहायचं, दाब तपासायचा, मग डागायचं. या खटाटोपात तास जात. एवढ्या वेळात शत्रूचं टेहळणी विमान वरून सगळं पाहून जाई. म्हणजे त्या काळच्या क्षेपणास्त्राला खरीखुरी उलटी मोजणी होती, आणि ती दुसऱ्या बाजूलाही दिसत होती.

३ ऑगस्ट, संध्याकाळी ६. १९ तास ५६ मिनिटं बाकी

पेलोसींचं विमान तैपेईहून दक्षिण कोरियाकडे निघालं. ज्या कारणाने रान पेटलं होतं ते कारण बेटावरून निघून गेलं. सरावाचं वेळापत्रक मात्र हललं नाही. चीनने मुद्दामच त्या गेल्यानंतरची वेळ निवडली असावी. अमेरिकी सभापती बेटावर असताना क्षेपणास्त्र चुकलं असतं तर काय झालं असतं, हा हिशेब बीजिंगनेही केलेला असणार.

आता मुख्य पात्राची ओळख.

१९८० मध्ये चीनने प्रशांत महासागरात आंतरखंडीय क्षेपणास्त्राची पूर्ण पल्ल्याची चाचणी घेतली. लांबचं साधलं होतं, जवळचं मागे पडलं होतं. दशकाच्या मध्यात घन इंधनावर चालणाऱ्या लघुपल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचं काम सुरू झालं, तेव्हा नजर केवळ युद्धावर नव्हती, बाजारावरही होती. परदेशी गिऱ्हाइकांसाठी त्यांची नावं एम-९ आणि एम-११ अशी ठेवली गेली. एम-९ म्हणजेच डीएफ-१५. लांबी सुमारे नऊ मीटर, जाडी एक मीटर, वजन सहा टन, टोकावर अर्ध्या टनाचं स्फोटक शीर्ष. आठ चाकांच्या ट्रकवर आडवं निजलेलं. १९९० च्या आसपास ते सैन्यात दाखल झालं.

घन इंधन नळकांड्यातच ओतून, रबरासारख्या गोळ्यात थिजवलेलं असतं. ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. टँकर नको, नळ्या नकोत. ट्रक बोगद्यातून निघतो, आधी मोजून ठेवलेल्या जागी थांबतो, क्षेपणास्त्र उभं करतो, डागतो आणि निघून जातो. तासांची तयारी मिनिटांवर आली. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला महामार्गावरच्या शेकडो मालवाहू गाड्यांत आणखी एक गाडी दिसते.

धाकटं भावंड एम-११, म्हणजे डीएफ-११, पल्ला तीनशे किलोमीटरच्या आत ठेवून बाजारात मांडलं गेलं. क्षेपणास्त्रांच्या व्यापारावरचं आंतरराष्ट्रीय बंधन नेमकं तीनशे किलोमीटरला सुरू होत होतं. एम-११ चे भाग पाकिस्तानला दिल्याबद्दल अमेरिकेने १९९१ आणि १९९३ मध्ये चिनी संस्थांवर निर्बंध घातले. २९० किलोमीटर पल्ल्याचं पाकिस्तानचं गझनवी त्याच घराण्यातलं मानलं जातं. तैवानसमोर उभं असलेलं कुटुंब आपल्या पश्चिम सीमेवरही राहतं.

४ ऑगस्ट, मध्यरात्र. सुमारे १४ तास बाकी

तैवानच्या हवाई नियंत्रकांनी विमानांचे मार्ग वळवले होते. जहाज कंपन्या कप्तानांना सहा चौकटी टाळायला सांगत होत्या. जपानच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरचे मच्छीमार होड्या काढाव्या की नाही या विचारात होते.

१९९६ आणि २०२२ यांतला सगळ्यात मोठा फरक अचूकतेचा आहे. पहिल्या डीएफ-१५ चा नेम तीनशे मीटरने इकडेतिकडे होई, असा पाश्चात्त्य अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे डागलेल्यांपैकी निम्मी तीनशे मीटरच्या वर्तुळात पडणार आणि निम्मी बाहेर. त्याच्या पोटात त्वरणमापक आणि घूर्णदर्शी असतात. बाहेर न बघता, आपण किती वेगाने कुठे वळलो याचा हिशेब ते स्वतःशीच मांडत जातं. मोजमापात केसभर चूक झाली तरी सहाशे किलोमीटरवर ती शेकडो मीटरची होते. असं शस्त्र शहरावर टाकून दहशत बसवता येते, धावपट्टी फोडता येत नाही.

पुढच्या आवृत्त्यांनी हे बदललं. उपग्रहांची मदत आली. २०१५ च्या बीजिंगमधल्या संचलनात दिसलेल्या डीएफ-१५बी च्या शीर्षाला छोटे पंख आहेत. वातावरणात परत शिरल्यावर ते दिशा सुधारू शकतं. या आवृत्तीचा पल्ला सातशे किलोमीटरच्या पुढे गेला आणि चूक काही मीटरांपर्यंत आली, असे अंदाज आहेत. संख्याही वाढली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या २०२३ च्या अहवालात चीनच्या लघुपल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा आकडा हजाराच्या घरात आहे.

हाच मार्ग भारतानेही धरला. प्रलय हे घन इंधनाचं, १५० ते ५०० किलोमीटर पल्ल्याचं क्षेपणास्त्र २२ डिसेंबर २०२१ ला ओडिशाच्या किनाऱ्यावरून पहिल्यांदा उडालं. ते घडवणाऱ्या प्रयोगशाळांत पुण्याच्या पाषाण, सुतारवाडी आणि दिघी इथल्या तीन आहेत. वाटेत दिशा बदलणारं शस्त्र दोन्ही शेजाऱ्यांच्या हाती असल्याशिवाय तोल राहत नाही, हा त्यामागचा विचार. विचार बरोबर आहे. पण त्यामुळे प्रत्येक सीमेवरचं घड्याळ आणखी आखूड होतं.

अचूकता वाढली की शस्त्र सभ्य होतं, नाहक माणसं मरत नाहीत, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. पण अचूकता वाढली की हातही धजावतो. तीनशे मीटरची चूक होणारं क्षेपणास्त्र १९९६ मध्ये बंदराबाहेर टाकलं गेलं. काही मीटरांची चूक होणारं २०२२ मध्ये थेट बेटाच्या माथ्यावरून पाठवायचं ठरलं.

४ ऑगस्ट, दुपारी १२. १ तास ५६ मिनिटं बाकी

जाहीर केलेली वेळ झाली. चिनी सरकारी वाहिनीने सराव सुरू झाल्याचं सांगितलं आणि पडद्यावर सहा चौकटींचा नकाशा झळकला. आग्नेय आशियाई देशांच्या बैठकीसाठी जमलेले परराष्ट्रमंत्री नोम पेन्हमध्ये होते. जपान आणि चीनच्या मंत्र्यांची तिथे होऊ घातलेली भेट चीनने रद्द केली.

दुपारी १. ५६ मिनिटं बाकी

चिनी भूदलाने लांब पल्ल्याचे अग्निबाण सामुद्रधुनीत डागले. मुख्य भूमीवरून तैवानला सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे फूज्यानमधलं पिंगतान बेट. तिथल्या किनाऱ्यावर आलेल्या पर्यटकांनी धुराच्या रेषा मोबाइलमध्ये टिपल्या.

दुपारी १:५६. शून्य

इथून पुढे तासांचा हिशेब चालत नाही.

*पहिलं मिनिट.* क्षेपणास्त्र ट्रकवरून सरळ वर उठतं आणि कलतं. मिनिट-दीड मिनिटात इंधन जळून संपतं. त्यानंतर भिरकावलेल्या दगडासारखं ते आपल्या वेगावर आणि गुरुत्वाकर्षणावर सोडलेलं असतं. म्हणूनच याला ‘बॅलिस्टिक’ म्हणतात.

*दुसरं आणि तिसरं मिनिट.* ते शंभर किलोमीटरच्या वर, वातावरणाबाहेर जातं. खाली सामुद्रधुनी आहे, सर्वांत अरुंद जागी जेमतेम १३० किलोमीटर रुंद. तैवानच्या शिंचू परगण्यातल्या लेशान डोंगरावर २०१३ पासून एक प्रचंड रडार उभं आहे. हल्ल्याची सहाएक मिनिटं आधी सूचना मिळावी म्हणून त्याच्यावर सव्वा अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला. रडार क्षेपणास्त्राचा वेग आणि कोन पाहतं आणि ते कुठे पडेल ते सांगतं.

*चौथं मिनिट.* निर्णय या मिनिटात होतो. भोंगे वाजवायचे का? क्षेपणास्त्रविरोधी पॅट्रियट डागायची का? पडण्याची जागा समुद्रात दाखवली जात असेल तर दोन्हींचं उत्तर नाही. पण रडारला मार्ग दिसतो, शीर्षात काय भरलंय ते दिसत नाही. आणि दिशा बदलू शकणारं शीर्ष असेल तर दाखवलेली जागा ही शेवटची जागा असेलच असं नाही. ज्या पंखांनी नेम अचूक केला त्यांनीच समोरच्याचा अंदाज धूसर केला.

*पाचवं आणि सहावं मिनिट.* आवाजाच्या सुमारे सहापट वेगाने शीर्ष वातावरणात परततं. सातव्या मिनिटाच्या आत सगळं संपतं.

गॅसवर ठेवलेल्या चहाला उकळी फुटायला लागतो तेवढा हा वेळ. तेवढ्यात रडारवरच्या अधिकाऱ्याने खात्री करायची, वरिष्ठांना कळवायचं, त्यांनी ठरवायचं.

त्या दुपारी तैवानने भोंगे वाजवले नाहीत. तैपेईत दुकानं उघडी होती, भुयारी रेल्वे वेळेवर धावत होती.

शून्यानंतर. जे घडू शकलं असतं

क्षेपणास्त्र चुकत नाही असं कोणी म्हणू लागलं तर त्याला दोन तारखा सांगाव्यात. दोन्ही वेळी सुटलेली क्षेपणास्त्रं बॅलिस्टिक नव्हती, पण मुद्दा तोच आहे.

पहिली १ जुलै २०१६. काओशुंगजवळच्या झुओयिंग नाविक तळावर उभ्या असलेल्या तैवानी गस्ती नौकेवरून कवायतीत चुकून एक जहाजभेदी क्षेपणास्त्र सुटलं. सुमारे ७५ किलोमीटर जाऊन ते तैवानच्याच एका मासेमारी नौकेत घुसलं. कप्तान ठार झाले, तीन खलाशी जखमी झाले. तो दिवस चिनी साम्यवादी पक्षाचा वर्धापनदिन होता, आणि क्षेपणास्त्राचा रोख सामुद्रधुनीकडेच होता.

दुसरी ९ मार्च २०२२, म्हणजे तैवानवरच्या त्या दुपारच्या पाच महिने आधी. भारतातून ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत, मियाँ चन्नूजवळ पडलं. पाकिस्तानच्या म्हणण्याप्रमाणे ते संध्याकाळी ६:४३ ला दिसलं आणि ६:५० ला कोसळलं. सुदैवाने त्यात स्फोटक नव्हतं. भारताने दोन दिवसांनी तांत्रिक बिघाड मान्य केला आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. पाकिस्तानने त्या सात मिनिटांत उलट डागलं नाही.

दोन्ही वेळी आधीपासून तणाव नव्हता, म्हणून चूक ही चूकच ठरली. ४ ऑगस्टला तसं नव्हतं. त्या दुपारी एखादं शीर्ष वाटेत भरकटून तैपेईच्या उपनगरात पडलं असतं, तर ती चूक होती हे पटवून द्यायला बीजिंगकडे वेळ नव्हता आणि ऐकून घ्यायला तैपेईकडे धीर नव्हता.

दुपारी ४. शून्यानंतर २ तास ४ मिनिटं

शेवटचं क्षेपणास्त्र. तैवानच्या मोजणीत एकूण अकरा. सगळी नेमकी लागली, असं चीनच्या पूर्व विभागाने जाहीर केलं. सरकारी वाहिनीवरच्या चित्रफितीत जाणकारांना डीएफ-१५बी ओळखू आलं. झाडीतून निघालेला आठ चाकांचा ट्रक, उभं राहणारं नळकांडं, ज्वाळा.

रात्र

तैवानी लोकांना खरी गोष्ट कळली ती टोकियोकडून. जपानच्या संरक्षण मंत्रालयाने आपली मोजणी जाहीर केली. त्यांना नऊ क्षेपणास्त्रं दिसली होती. साडेतीनशे ते सातशे किलोमीटर उडालेली. पाच जपानच्या विशेष आर्थिक क्षेत्रात पडली, हे पहिल्यांदाच घडत होतं. सर्वांत जवळचं योनागुनी बेटापासून ८० किलोमीटरवर पडलं. आणि चार, जपानच्या अंदाजानुसार, तैवानच्या मुख्य बेटावरून गेली.

दुपारी आपण बाजारात भाजी घेत होतो तेव्हा डोक्यावरून क्षेपणास्त्रं गेली, हे नागरिकांना रात्री परदेशी बातमीतून समजलं. संरक्षण मंत्रालयाने खुलासा केला. क्षेपणास्त्रं वातावरणाबाहेरून गेली, जमिनीला धोका नव्हता, म्हणून इशारा दिला नाही. आपली टेहळणी किती पोचते हे उघड होऊ नये म्हणून मार्गही सांगणार नाही. विरोधकांनी जाब विचारला.

दोन्ही बाजूंचं खरं होतं. भोंगे वाजले असते तर पळापळ झाली असती, आणि पळापळ व्हावी हाच तर क्षेपणास्त्रांचा उद्देश होता. न वाजवणं हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा निर्णय होता, आणि आपत्ती टाळण्यात त्याचा वाटा होता. पण पुढच्या वेळीही असाच निर्णय घ्यायचा तर लोकांना सरकारवर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागेल. १९९६ मध्ये ली यांनी गुपित फोडून धीर दिला. २०२२ मध्ये सरकारने गुपित राखून शांतता टिकवली. दोन्हींचे हिशेब नंतर द्यावे लागले.

५ ऑगस्ट. शून्यानंतरचा दिवस

अमेरिकेने आपल्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राची आधीच ठरलेली चाचणी पुढे ढकलली होती. आगीत तेल नको म्हणून. चीनने मात्र आठ प्रत्युत्तरं जाहीर केली. त्यात दोन्ही सैन्यांच्या विभागीय सेनापतींमधली बोलणी आणि सागरी सुरक्षेच्या बैठका बंद करणं हेही होतं. म्हणजे ज्या दोरीने चूक ही चूक आहे हे दुसऱ्याला सांगता येतं, तीच दोरी कापली. ती पुन्हा जोडायला नोव्हेंबर २०२३ उजाडला, बायडेन आणि शी कॅलिफोर्नियात भेटले तेव्हा.

डाँगफेंग-१ ते डीएफ-१५बी हा प्रवास वेळ खाण्याचा प्रवास आहे. आधी इंधन भरण्याचे तास गेले, मग ट्रक ओळखण्याची संधी गेली, मग नेम कुठे आहे ते कळण्याची खात्री गेली. डागणाऱ्याच्या तयारीचा वेळ जितका कमी झाला, तितका समोरच्याचा विचार करायचा वेळही कमी झाला. उलटी मोजणी दोघांचीही होती. उरली ती फक्त एकाची, आणि तिचे आकडे दुसऱ्याला ऐकू येत नाहीत.

रडार वाढवून हा वेळ परत मिळत नाही. अब्जावधी डॉलर मोजून सहा मिनिटं हातात येतात. जास्त वेळ कागदावर मिळतो. भारत आणि पाकिस्तान हे एकमेकांवर भरवसा ठेवणारे शेजारी नव्हेत. तरी ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांनी एक करार केला. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची तर किमान तीन दिवस आधी कळवायचं. डागण्याची जागा सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, पडण्याची जागा ७५ किलोमीटरच्या आत नको. कारगिल, संसदेवरचा हल्ला, त्यानंतरची सीमेवरची जमवाजमव हे सगळं होऊन गेल्यावर केलेला करार. चीन आणि रशियामध्येही २००९ पासून प्रक्षेपणाची आगाऊ सूचना देण्याचा करार आहे.

भारत-पाकिस्तान कराराला भोक आहे, हे मियाँ चन्नूने दाखवलं. त्यात फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं आहेत, ब्राह्मोससारखी क्रूझ नाहीत. पण भोक असलं तरी कागद आहे. तैवानच्या सामुद्रधुनीत असा कागद नाही आणि नजीकच्या काळात होण्याचं चिन्हही नाही, कारण तैवानशी करार करायचा म्हणजे तिथे करार करणारं सरकार आहे हे मान्य करावं लागतं. सार्वभौमत्वाच्या त्या एका प्रश्नापायी तीन दिवसांच्या जागी सात मिनिटं उरतात. २०२२ च्या त्या दुपारी सात मिनिटं पुरली. लेशानच्या डोंगरावरच्या आणि तैपेईतल्या माणसांची डोकी थंड होती म्हणून ती पुरली. पुढच्या वेळी तिथे हीच माणसं असतील याची हमी कोणत्याही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेसोबत मिळत नाही.